बारापैकी बारा कांड्या, तरी बॅटरीचा तिसरा हिस्सा गायब

सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याची फसवणूक बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. गाडी स्वच्छ धुतलेली, टायर नवे, चार्ज ८० टक्के. डॅशबोर्डवर बॅटरीच्या तब्येतीच्या सगळ्या कांड्या भरलेल्या आणि रेंजचा आकडा भरघोस. दहा किलोमीटरची चक्कर मारली तर काहीच खटकत नाही. व्यवहार होतो, पैसे पोचतात. दोन-तीन आठवड्यांनी एक कांडी जाते, मग दुसरी, मग तिसरी. एके दिवशी ३८ टक्के दाखवणारी गाडी पाच-सहा किलोमीटरमध्ये ९ टक्क्यांवर येते आणि कासवाच्या वेगाने कडेला लागते. विकणारा सांगतो, "तुम्ही फास्ट चार्जिंग जास्त केलंत."

एवढ्या थोड्या दिवसांत बॅटरी अशी ढासळत नाही. ती विकतानाच ढासळलेली होती, फक्त तिची नोंद पुसलेली होती.

बॅटरीच्या आत किती वीज मावते हे थेट मोजणारं यंत्र कुठल्याही गाडीत नसतं. बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारा छोटा संगणक, आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली याची बेरीज-वजाबाकी करत राहतो आणि त्यावरून क्षमतेचा अंदाज बांधतो. हा अंदाज त्याच्या मेमरीत एक आकडा म्हणून लिहिलेला असतो. बॅटरी पॅक बदलल्यावर सर्व्हिस सेंटरला तो आकडा नव्याने भरावा लागतो, म्हणून त्याची सोय दिलेली असते. हीच सोय वापरून जुन्याच पॅकवर नव्या पॅकचा आकडा चढवला जातो. निसान लीफच्या बाबतीत हा प्रकार सर्वाधिक बोलला जातो, कारण तिच्या डॅशबोर्डवरच तब्येतीच्या १२ कांड्या असतात आणि रिसेट केल्यावर त्या सगळ्या परत उगवतात.

मुळात त्या कांड्यांवर प्रामाणिक गाडीतही फार भरवसा ठेवता येत नाही. लीफची पहिली कांडी जायला साधारण १५ टक्के क्षमता जावी लागते, पुढची प्रत्येक कांडी सुमारे सव्वासहा टक्क्यांची. म्हणजे १२ कांड्यांची गाडी १०० टक्क्यांचीही असू शकते आणि ८६ टक्क्यांचीही. ८ कांड्या उरल्या की क्षमता ६६ टक्क्यांच्या आसपास आलेली असते. लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या पॅकला पाण्याने थंड करायची व्यवस्था नाही, त्यामुळे उन्हाळे सोसलेली गाडी आणि थंड हवेतली गाडी, दोन्हींचं वय आणि किलोमीटर सारखे असले तरी बॅटरीत मोठा फरक पडतो.

आता खरी मेख. बहुतेक लोक तपासणी म्हणून एवढंच करतात: चार्ज ८० टक्के असताना निघायचं, ५० टक्क्यांवर परत यायचं, ३० टक्क्यांत किती किलोमीटर झाले ते पाहायचं आणि गुणाकार करायचा. रिसेट केलेल्या गाडीत हा हिशोब झक्क जुळतो, कारण टक्केवारीसुद्धा त्याच खोट्या आकड्यावरून काढलेली असते. समजा नव्या पॅकमध्ये वापरता येणारी वीज २२ युनिट होती (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) आणि आता खरी १४ उरली आहे. रिसेटनंतर बीएमएस २२ धरून चालतो. गाडीने ७ युनिट खाल्ले की तो म्हणतो, ६८ टक्के शिल्लक. प्रत्यक्षात निम्मी संपलेली असते. हे खोटं उघडं पडतं ते खाली, जेव्हा सर्वात कमजोर सेलचा व्होल्टेज घसरतो आणि बीएमएसला नाइलाजाने आकडा खाली ओढावा लागतो. म्हणून तर गाडी दाखवायला नेहमी ७०-८० टक्के चार्ज करून ठेवतात आणि ४०च्या खाली जाऊ देत नाहीत.

यावर उपाय एकच, आणि त्याला दिवस मोडावा लागतो: १०० टक्क्यांपासून जवळजवळ तळापर्यंत. पूर्ण चार्ज व्होल्टेजवर ठरतो, तळही व्होल्टेजवरच ठरतो. ही दोन टोकं रिसेटने हलत नाहीत. गाडी पूर्ण चार्ज करा, अर्धा तास तशीच राहू द्या, ट्रिप मीटर शून्य करा, एसी आणि हीटर बंद ठेवा. एकसारख्या वेगाने, ५० ते ६० किलोमीटरने, चार्जरच्या आसपासच्या रस्त्यावर फेऱ्या मारा. कमी चार्जचा पहिला इशारा आला की चार्जरकडे वळा. मग किलोमीटर आणि सरासरी वापर यांचा गुणाकार करा. १०० किलोमीटर झाले आणि सरासरी १०० किलोमीटरला १४ युनिट असेल, तर पॅकने १४ युनिट दिले. इशाऱ्यानंतर तळाशी जेवढं शिल्लक राहिलं असेल, तेवढं वाढवून धरा. २२च्या जागी १४-१५ निघाले तर तब्येत ६५ टक्क्यांच्या आसपास, मग कांड्या कितीही असोत.

एवढं फिरणं जमत नसेल तर भिंतीकडून मोजा. गाडीचा चार्ज तळापर्यंत उतरवून आणायला विकणाऱ्यालाच सांगा आणि मीटर असलेल्या चार्जरवर १०० टक्के होईपर्यंत लावा. साध्या, घरच्या विजेवरच्या एसी चार्जिंगमध्ये १० ते १५ टक्के वीज वाटेत उष्णता होऊन जाते. २२ युनिटचा धडधाकट पॅक भरायला भिंतीतून २५च्या आसपास युनिट जायला हवेत. १६ वरच चार्जिंग थांबलं तर आत १४च मावतात. घड्याळही तेच सांगतं: ३.६ किलोवॅट ओढणारा चार्जर लावला तर निरोगी पॅकला सात तास लागतील, खंगलेला साडेचार तासांतच "फुल" म्हणेल. विकणारा हे कौतुकाने सांगतो, "बघा, किती लवकर चार्ज होते!" लवकर भरणारी घागर लहान असते.

हे मोजमाप टाळायला ठरलेली कारणं ऐकू येतात. "फुल चार्ज केल्याने बॅटरीचं आयुष्य कमी होतं." रोज केलं आणि गाडी तशीच उभी ठेवली तर थोडं होतं, एका दिवसाने काही होत नाही. "तळापर्यंत नेलं तर वॉरंटी जाते." नाही जात. "आत्ता दुसरं गिऱ्हाईक येतंय, टोकन टाका, मग हवं तेवढं तपासा." टोकन टाकल्यावर तपासणीला अर्थ राहत नाही.

न्यायाने एक गोष्ट सांगायलाच हवी. आकडा घसरला म्हणजे प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत मधल्या मोठ्या टप्प्यात प्रत्येक सेलचा व्होल्टेज ३.२-३.३च्या आसपास जवळपास स्थिर राहतो, त्यामुळे बीएमएसला मधल्या टप्प्यात धड अंदाज येत नाही. अशी गाडी महिनोन्महिने ८० टक्क्यांवरच थांबवली गेली असेल तर आकडा भरकटतो. म्हणून एलएफपी गाड्यांचे उत्पादक मधूनमधून १०० टक्के चार्ज करायला सांगतात. दोन-तीनदा पूर्ण चार्ज करून मगच मोजा. एखाद्या सरळ माणसावर उगाच आळ नको.

ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) आणि मोबाइल ॲप हे दुसरं हत्यार, पण डोंगल आपलं आणि मोबाइलही आपलाच हवा. विकणाऱ्याने पाठवलेला स्क्रीनशॉट कुठल्या गाडीचा आहे ते कळत नाही, म्हणून ॲपमध्ये दिसणारा चासी नंबर कागदांवरच्या आणि काचेखालच्या नंबराशी जुळवा. लीफसाठी लीफस्पाय वापरतात, बाकीच्या बऱ्याच गाड्यांना कार स्कॅनर चालतं. तिथे तब्येतीची टक्केवारी पाहून हुरळू नका, तीही रिसेट झालेलीच असते. पाहायचं ते सेलच्या व्होल्टेजचं कोष्टक, ज्यात प्रत्येक सेलचा व्होल्टेज एका उभ्या खांबाने दाखवलेला असतो. लीफच्या बहुतेक पॅकमध्ये सेलच्या ९६ जोड्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. साखळीची ताकद तिच्या सर्वात कच्च्या कडीएवढीच, त्यामुळे ९५ जोड्या उत्तम आणि एक मेलेली असली तरी गाडी त्या एकीपाशी थांबते. चार्ज ७० टक्के असताना सगळे खांब एका रेषेत दिसतील. १५ टक्क्यांवर आणून, चढावर ॲक्सिलरेटर दाबून पुन्हा पाहा. सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या सेलमध्ये २०-३० मिलिव्होल्टचा फरक चालतो. १०० च्या पुढे गेला आणि दर वेळी तोच एक खांब खाली बसला, तर तो सेल संपत आलाय. वेगवेगळ्या भंगार गाड्यांतले मोड्यूल (सेलचे गठ्ठे) जमवून बांधलेला पॅकही असाच दिसतो: चार-सहा खांबांचे गट एकत्र खाली. "बॅटरी नवी टाकलीय" असं कोणी म्हणालं तर बिल मागा, बिलावर पॅकचा सिरियल नंबर मागा. बिल नसेल तर जुनीच बॅटरी समजून भाव करा.

त्याच ॲपमध्ये किलोमीटरचाही छडा लागतो. लीफमध्ये फास्ट आणि साध्या चार्जिंगच्या वेळा मोजलेल्या दिसतात. ओडोमीटर ३०,००० किलोमीटर आणि चार्जिंग १,५०० वेळा, म्हणजे दर चार्जिंगला २० किलोमीटर. रोज थोडंथोडं चार्ज करणाऱ्याच्या गाडीतही असं दिसू शकतं, पण सीट आणि ब्रेक पेडलचं रबर झिजलेलं असेल तर मीटर मागे फिरवलेला असायची शक्यता दाट.

पुरात बुडालेल्या आणि अपघातातून उभ्या केलेल्या गाड्यांत मात्र पैशाबरोबर जिवाचाही प्रश्न आहे. ४०० व्होल्टचा पॅक गाडीच्या पत्र्यापासून विजेच्या दृष्टीने पूर्ण वेगळा राहायला हवा. इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेच्या यूएन आर१०० या नियमात डीसीसाठी, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठी, किमान १०० ओहम प्रति व्होल्ट विद्युतरोधाची अट आहे, म्हणजे ४०० व्होल्टला ४०,००० ओहम. हे मोजणं प्रशिक्षित माणसाचंच काम, घरच्या मल्टिमीटरने हात घालू नका. पण एक खूण स्वतः पाहता येते. एसीचा कॉम्प्रेसर आणि केबिनचा हीटर पॅकच्याच हाय व्होल्टेजवर चालतात. त्यांच्यात पाणी शिरलेलं असेल तर दोष ते सुरू केल्यावरच उघडा पडतो. म्हणून विकणारा "एसीत गॅस नाही, भरून घ्या" म्हणत एसी लावूच देत नाही. एसी आणि हीटर दोन्ही पंधरा-पंधरा मिनिटं चालवा. लाल दिवा आला किंवा त्यानंतर चार्जर नकार देऊ लागला, तर तिथूनच परत फिरा. गाडी लिफ्टवर चढवून तळाची प्लेट पाहा: जॅक चुकीच्या जागी लावल्याचा खड्डा, हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या क्लिपांना गंज, जोडांच्या खाचेत वाळलेला चिखल. वरून धुतलेल्या गाडीत चिखल याच खाचांमध्ये उरतो.

कागदातली फसवणूक वेगळी. रेनो झोच्या सुरुवातीच्या अनेक गाड्या बॅटरीविना विकल्या गेल्या होत्या, बॅटरी मासिक भाड्यावर. गाडी स्वस्त दिसते, घेणारा खुश होतो, आणि मग भाड्याचा करार त्याच्या गळ्यात पडतो. बॅटरी मालकीची की भाड्याची, हे उत्पादकाकडून चासी नंबरवर लेखी मागवा. वॉरंटीही तशीच. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आणि ७० टक्के क्षमता असं देतात, पण मोजणी गाडीच्या पहिल्या विक्रीपासून सुरू होते. बाहेर कुठे पॅक उघडला गेला असेल तर ती वॉरंटी नाकारली जाते. "रिकॉल झालाय" (दोषामुळे कंपनीने गाडी परत बोलावून दुरुस्त केलीय) हे वाक्यही अर्धवट असतं. शेवरले बोल्ट आणि ह्युंदाई कोना इलेक्ट्रिक या दोन्हींचा सेलला आग लागण्याच्या धोक्यामुळे मोठा रिकॉल झाला. त्यात काही गाड्यांना नवी बॅटरी मिळाली, काहींना फक्त सॉफ्टवेअर. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक हवा, म्हणून नेमकं काय झालं त्याचा सर्व्हिस कागद मागा.

चार्जिंगचा सॉकेट स्वतः उघडून पाहा. बीएमडब्ल्यू आय३ आणि झोमध्ये फास्ट चार्जिंग अनेक ठिकाणी जादा पैशाचा पर्याय होता. अशा गाडीच्या सीसीएस सॉकेटला (साधं आणि फास्ट चार्जिंग एकत्र असलेला सॉकेट) खालच्या बाजूला दोन जाड पिना नसतील तर ती गाडी डीसी फास्ट चार्जरवर लागणार नाही. दुसऱ्या देशातून आलेली जीबी/टी (चिनी) किंवा चाडेमो (जपानी) सॉकेटची गाडी स्वस्त असते ती बहुधा आसपासच्या चार्जरशी सॉकेट जुळत नाही म्हणून. चार्जर लावून प्रत्यक्ष वीज शिरताना पाहा, "अडॅप्टर मिळतो" यावर जाऊ नका.

नवी गाडी घेतानाही रेंजच्या आकड्याखालचं बारीक अक्षर वाचा. एनईडीसी या जुन्या युरोपीय चाचणीचा आकडा या तिन्हींत सगळ्यात फुगलेला, तिच्या जागी आलेल्या डब्ल्यूएलटीपीचा त्यापेक्षा खरा, अमेरिकेची ईपीए बहुधा सर्वात कडक. दोन गाड्यांची तुलना एकाच चाचणीच्या आकड्यांवर करा. गाडी कधी बनली तो महिना दरवाज्याच्या पट्टीवर पाहा. दीड वर्ष आवारात उभी राहिलेली "नवी" गाडी न चालताही थोडी म्हातारी झालेली असते, तेवढी सूट मागायला लाजू नका.

व्यवहार ठरला तर करारात "बॅटरी चांगली आहे" असं लिहून घेऊ नका, त्याला काही अर्थ नाही. लिहायचं ते असं: अमुक तारखेला, अमुक किलोमीटरवर, १०० टक्क्यांपासून कमी चार्जच्या इशाऱ्यापर्यंत इतके युनिट मिळाले. बीएमएसमध्ये फेरफार केलेला नाही. तसं आढळल्यास इतक्या दिवसांत गाडी परत आणि पूर्ण रक्कम परत. सरळ विकणारा यावर सही करतो.

आणि गाडी घेतल्यावर कांड्या जायला लागल्याच, तर आधी दुरुस्तीला नेऊ नका, सॉफ्टवेअर अपडेटही करू नका. त्यात जुन्या नोंदी जाऊ शकतात. त्याच दिवशी ओडोमीटरसह डॅशबोर्डचा फोटो, ॲपमधलं सेलचं कोष्टक चासी नंबरासकट, जाहिरातीची प्रत आणि विकणाऱ्याशी झालेले मेसेज जपून ठेवा. उत्पादकाच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी रिपोर्ट काढा, आणि जुन्या सर्व्हिसच्या वेळी नोंदलेली क्षमता त्यांच्याकडे असेल तर तीही मागा. दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर ९ कांड्या आणि विक्रीच्या दिवशीच्या फोटोत १२, हे दोन कागद शेजारी ठेवले की विकणाऱ्याची फास्ट चार्जिंगची सबब टिकत नाही.