कमानी पत्र्याची शेड: एक पावसाळा आणि एक ऑक्टोबर काढल्यावर

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं गोदाम आहे. जुनी कैचीवाली, म्हणजे पत्र्याखाली त्रिकोणी सांगाडा असलेली शेड उतरवून गेल्या उन्हाळ्यात कमानी पत्रा टाकला. शेड चांगली आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी बरीच बोंब मारणार आहे.

जाडी, स्पॅन, कोटिंग हे सगळं कोटेशनमध्ये असतंच. मला भावलं ते काम. यंत्र ट्रकवर जागेवरच येतं, रोलमधून लांबच्या लांब पट्टी काढतं, तिला बाक देतं. मग शेजारच्या पट्ट्यांच्या कडा एकमेकींत दुमडून सांधतात. भार दोन्ही बाजूंच्या तुळयांवर उतरतो. मध्ये खांब नाही, वर कैची नाही. पत्र्याला बोल्टचं भोक नाही, त्यामुळे वॉशर सडून गळायची भानगड मिटली. जुन्या शेडवर दर मे महिन्यात डांबरपट्टी घेऊन माणूस चढवावा लागायचा, तो खर्च वाचला.

आणि मग ह्याच बिनभोकाच्या छपराला ठेकेदाराने टर्बो व्हेंटिलेटरसाठी, म्हणजे वाऱ्यावर फिरून आतली गरम हवा बाहेर काढणाऱ्या पंख्यांसाठी, गोल भोकं पाडली!

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि बरोबर त्या पंख्याखालची खोकी भिजली. फोन केला तर म्हणतो, "साहेब, गळती नाही ही, पत्र्याला घाम सुटतोय. वॉरंटीत येत नाही." घाम काय एकाच जागी सुटतो? माणूस वर चढवला. व्हेंटिलेटरचा बेस सपाट, खालचा पत्रा खोलगट-उंचवट्याचा. मधल्या फटीत नुसतं सिलिकॉन कोंबलेलं, आणि ते मेच्या उन्हात सुटून नखाने सोलता येत होतं. वारा आडवा आला की पाणी थेट आत. फोटो पाठवले, तरी उत्तर तेच: घाम.

ऑक्टोबरात मात्र पाऊस गेला तरी पहाटे टिपटिप चालूच, आणि आता सगळ्या शेडभर. म्हणजे ठेकेदाराचं अर्धं खरं होतं. आभाळ निरभ्र असलं की पत्रा रात्रीतून हवेपेक्षा थंड होतो आणि आपल्याकडची दमट हवा त्याच्या खालच्या अंगाला पाणी होऊन चिकटते. खाली पोलाद असतं तर फडक्याने पुसून भागलं असतं. इथे पुठ्ठा, एकदा मऊ पडला की रद्दीच्या भावात.

राग याचा की हे दुखणं शंभर वर्षांपूर्वीच माहीत होतं. ब्रिटिश सैन्यातल्या पीटर निसेन या इंजिनिअरने १९१६ मध्ये पन्हळी पत्र्याची अर्धगोल बराक काढली, तिला आतून वेगळं अस्तर होतं. १९४१ मध्ये अमेरिकन नौदलासाठी ऱ्होड आयलंड राज्यात तशाच अर्धगोल बराकी, क्वॉन्सेट हट, बनले, त्यांनाही आत दाबलेल्या लाकडाच्या फळ्यांचं अस्तर. युद्धानंतर त्यांचीच घरं, चर्च, दुकानं झाली. लॉस एंजेलिसमध्ये १९४६ साली अशा ७५० हटांची वसाहतच उभी राहिली, एकेका हटमध्ये दोन कुटुंबं. माणसं राहू शकली ती त्या अस्तरामुळेच. आमच्या कोटेशनमध्ये ते शेवटच्या पानावर "ऐच्छिक", वेगळ्या दराने.

शेवटी फॉइलचं फोमवालं अस्तर मीच लावून घेतलं, तेही फक्त मालाच्या बाजूला. पॅकिंग टेबलावर सध्या ताडपत्री. अस्तराखालची टिपटिप थांबली आणि दुपारी आत बसवतंही. शेजारच्या गाळेवाल्याला बॅडमिंटन कोर्टासाठी अशीच शेड हवीय. त्याला म्हटलं, खुशाल घे, पण हवेसाठी छपराला भोकं पाडू देऊ नकोस, दोन्ही टोकांच्या भिंतींत लूव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांचे झरोके घे. आणि अस्तर पहिल्याच कोटेशनमध्ये धरून भाव कर.

ठेकेदाराचं शेवटचं बिल मी अडवून ठेवलंय. व्हेंटिलेटर काढून ती भोकं पत्रा लावून बंद केल्याशिवाय एक रुपया सुटणार नाही.