मशरूम पावडरच्या नावाखाली आईला फसवलं, प्लीज वाचा

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका रविवारी फ्री शुगर कॅम्प लागला होता, मी घरी नव्हते, आई एकटीच खाली गेली. पांढरा कोट घातलेल्या माणसाने तिच्या हातात लॅपटॉपला जोडलेली स्टीलची दांडी दिली आणि दोन मिनिटांत चाळीस पानी रिपोर्ट, किडनी वीक, लिव्हर वीक, सगळं लाल अक्षरात. दांडी धरून किडनी कळते का हो? रक्त-लघवीच तपासावी लागते. पण आई घाबरली. मग रेशी-कॉर्डिसेप्स मशरूमची पावडर, तीन डबे १२,६०० रुपये, "काकू, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील", जीपे तिथल्या तिथे करून घेतलं.

आईने मला न सांगता डायबेटिसची गोळी बंद केली. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.२ वरून ९.६! डॉक्टर ओरडले तेव्हा कुठे डबा बाहेर आला.

चाखून बघितली तर पावडर गोडसर, बिस्किटाच्या चुऱ्यासारखी. रेशी कडू असते म्हणून मनात पाल चुकचुकली. शाळेतला प्रयोग आठवला, बशीत चिमूटभर पावडर घेऊन वर जखमेवर लावायच्या आयोडीनचा थेंब टाकला तर काळंनिळं झालं, शेजारी ठेवलेली बटाट्याची फोड पण तश्शीच. म्हणजे स्टार्च. घरातल्या सुक्या धिंगरी मशरूमवर टाकलं तर तपकिरीच राहिलं. काही लोक धान्यावर बुरशी वाढवतात आणि धान्यासकट दळून विकतात, इथे तर निव्वळ पीठ पण असेल. साखर वाढली ती गोळी सोडल्यामुळे, चमचाभर पिठाने एवढी वाढत नाही, पण डायबेटिसवाल्या बाईला औषध म्हणून स्टार्च विकायचा म्हणजे काय!

मशरूमवर माझा राग नाही. फायबर असतं, त्यातलंच बीटा ग्लुकान असतं, उन्हात ठेवलं तर ड जीवनसत्त्व तयार होतं, आम्ही बाजारातलं पाकीट आणून भाजी करतोच. पण ते जेवण झालं, गोळीच्या जागी नाही चालत. आणि डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे खाद्यपदार्थाचा सरकारी परवाना नंबर, त्यांच्या साइटवर टाकला तर भलत्याच कंपनीचं नाव आलं, हे कॅम्पमध्येच मोबाइलवर बघता आलं असतं.

आता तेच लोक भांडुपला कॅम्प घेतायत असं कळलं म्हणून घाईत लिहितेय, तिकडे कोणाचे आईवडील असतील तर आजच फोन करा. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, बिल दिलंच नव्हतं त्यामुळे जीपेचा स्क्रीनशॉट आणि डब्याचे फोटो जोडलेत.