प्रिन्स अली रेस्क्यू: सात महिने खेळल्यावर सांगते

काल रात्री खानापूरहून मामेभावाचा फोन. "ताई, फाटकावर परत दहा नाणी गेली की गं!" त्यानं ओल्ड स्कूल रुनस्केप हा ऑनलाइन गेम नुकताच घेतलाय आणि त्यातल्या अल खरीद शहराच्या फाटकावर टोल भरत बसलाय. त्याला सांगता सांगता वाटलं, लिहूनच काढावं.

मी सात महिने मोबाईलवर खेळतेय, दुकान बंद केल्यावर तासभर. मेंबरशिपला एक रुपया दिलेला नाही, देणारही नाही. प्रिन्स अली रेस्क्यू हा क्वेस्ट, म्हणजे कैदेतल्या राजपुत्राला सोडवायची मोहीम, फुकटातला आहे, तोही 2001 पासूनचा.

मी अडकले बिअरवर. राजपुत्राच्या तुरुंगावरच्या जो नावाच्या पहारेकऱ्याला तीन बिअर पाजायच्या. पोर्ट सरीम गावातल्या रस्टी अँकर बारमधून दोन-दोन नाण्यांना आणल्या, ड्रेनरच्या तुरुंगापाशी आले, एका ग्लासवर बोट टेकवलं आणि माझंच पात्र ती पिऊन मोकळं! नुसतं टेकवलं की पिणं होतं, दुसरं काही करायचं तर दाबून धरावं लागतं. एका बिअरसाठी पुन्हा सगळी पायपीट. खरं तर त्या पहारेकऱ्याशी बोलायला लागलं की बिअर देण्याचा पर्याय तिथंच येतो, पिशवीला हातही लावावा लागत नाही. हे आधी कळलं असतं तर! मामेभाऊ रोज फोनवर विचारतो, तेव्हा मी पहिलं हेच सांगते.

बाकी क्वेस्ट मात्र मनापासून आवडला. राजपुत्राला डांबून ठेवणाऱ्या लेडी केलीची जरा स्तुती केली की ती तुरुंगाची किल्ली दाखवते. हातात घेऊन बघू का, असं विचारायचं आणि मऊ मातीत गुपचूप ठसा उठवायचा. तो ठसा आणि ब्राँझची एक कांडी अल खरीदच्या उस्मानला दिली की किल्ली तयार, ती मिळते त्याच्या मुलीकडे, लीलाकडे. राजपुत्राला पिवळा विग, गुलाबी स्कर्ट आणि तोंडाला लेप लावून केलीसारखं करून बाहेर काढायचं. एकही लढाई जिंकावी लागत नाही. लेव्हल कमी असेल तर पहारेकऱ्यांपासून तेवढं जपून.

शेवटी 700 नाणी मिळाली तेव्हा मी नाराज झाले होते. एवढ्या धावपळीला एवढंच? तीन क्वेस्ट पॉइंटचंही मला काही वाटलं नाही. मत बदललं ते महिन्याभरानं. लंब्रिजच्या गाईंची कातडी कमवायला अल खरीदला न्यायची तर जाताना दहा, येताना दहा. कोगनोळीचा टोलनाका ज्यांच्या वाटेत आहे त्यांना हा हिशेब सांगायला नको. 35 खेपांत ती 700 नाणी संपली असती. क्वेस्टनंतर ते फाटक कायमचं फुकट. माझ्या शेकड्यानं खेपा झाल्या असतील, एक नाणं गेलं नाही. लोकरीसाठी मेंढपाळ होऊन काही दिवस काढायची तयारी असेल तर हा क्वेस्ट सुरुवातीलाच करा.

केलीला बांधायची दोरीसुद्धा विकत घेऊ नका. ड्रेनरचा नेड 15 नाणी मागतो, पण लोकरीचे चार गुंडे दिले की तोच वळून देतो. विगचे तीन वेगळे. मामेभाऊ आत्ता लंब्रिजला मेंढ्या कातरतोय. सातांपैकी चार गुंडे झालेत.