एफएम ४-६४ डाय: सेल प्लेट मस्त दिसते, पण फ्यूजन दिसत नाही

एफएम ४-६४ हा पेशीचं मेम्ब्रेन (पातळ पटल) रंगवून मायक्रोस्कोपखाली दाखवणारा डाय. गेली तीनेक वर्षं तो अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या मुळांवर वापरतेय, आणि लॅबमध्ये नवीन येणारं प्रत्येक जण विचारतं की मागवू का, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकते. मागवा. फक्त तो काय दाखवतो आणि काय दाखवत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा, माझे कित्येक महिने त्यात गेलेत.

याची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे नुसत्या पाण्यात हा जवळजवळ चमकतच नाही, मेम्ब्रेनमध्ये शिरला की लाल चमकतो, त्यामुळे बॅकग्राउंड एकदम काळंभोर मिळतं. स्वतःहून मेम्ब्रेन ओलांडून आत जात नाही, पेशी आपलं मेम्ब्रेन आत ओढून घेते तेव्हा त्याच्याबरोबर आत येतो. वापरायला अगदी सोपा आहे, १०० मायक्रोग्रॅमच्या कुपीत १६५ मायक्रोलिटर पाणी घातलं की १ मिलिमोलर स्टॉक तयार, त्यातले २ मायक्रोलिटर १ मिली मीडियात टाकायचे, रोप पाच मिनिटं त्यात बर्फावर ठेवायचं, धुवायचं आणि स्लाइडवर घ्यायचं. बर्फ टाळू नका, थंडीत आत ओढणं थांबतं त्यामुळे सगळ्या पेशी साधारण एकाच वेळी सुरुवात करतात.

आणि मग जे दिसतं ना! मुळाच्या टोकाला विटा रचल्यासारख्या पेशी, प्रत्येकीला लाल काठ, आणि एखाद्या पेशीच्या मधोमध, कुठल्याच भिंतीला न टेकलेली छोटीशी लाल रेघ. थोड्या वेळाने परत बघितलं की ती दोन्हीकडे लांबलेली असते, मग एका भिंतीला टेकते, मग दुसऱ्या, आणि एकीच्या दोन पेशी झालेल्या असतात. प्राण्यांची पेशी कमरेला नाडी आवळल्यासारखी बाहेरून आत चिमटली जाते, वनस्पतीला भोवती कडक भित्तिका असल्यामुळे तिला आतून बाहेर बांधत जावं लागतं, पेशीतल्या गॉल्जीकडून आलेल्या व्हेसिकल्स (मेम्ब्रेनच्या चिमुकल्या पिशव्या) फ्रॅग्मोप्लास्ट नावाच्या सांगाड्याच्या सूक्ष्मनलिकांवरून मध्यभागी येतात आणि एकमेकींत मिसळून (हेच फ्यूजन) ही सेल प्लेट, म्हणजे नव्या भिंतीची सुरुवात, बनते. हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांसमोर होताना बघितलं त्या दिवशी जेवायला जायचंच राहून गेलं.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षी मी लाल रेघ दिसली की वहीत सरळ 'फ्यूजन झालं' असं लिहायचे. मॅडमनी एकदा विचारलं, कशावरून? माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हेसिकल असते शंभर नॅनोमीटरच्या आसपास, आणि साध्या कॉन्फोकल मायक्रोस्कोपला दोनशेच्या खालचं वेगळं करून दाखवता येत नाही, म्हणजे व्हेसिकल्स नुसत्या रांगेत चिकटून उभ्या असल्या काय किंवा खरंच एक झाल्या काय, डायने दोन्ही वेळा लालच पट्टा दिसणार. हे काही नुसतं तर्काचं नाहीये. क्नोले नावाचा जीन बिघडलेल्या रोपांत (क्नोले म्युटंट) नेमकं हेच होतं, व्हेसिकल्स बरोबर जागेवर येतात, ओळीने थांबतात, पण मिसळतच नाहीत, आणि ते कळलं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने. क्नोले म्हणजे जर्मनमध्ये कंद, ती रोपं गाठीसारखी ओबडधोबड होतात, आतल्या पेशींत एकाहून जास्त केंद्रकं आणि अर्धवट भिंती. हा जीन सिंटॅक्सिनसारखं प्रोटीन बनवतो हे १९९६ मध्ये कळलं.

सिंटॅक्सिन हे स्नेअर प्रोटीन्सच्या कुटुंबातलं. समोरासमोरच्या दोन मेम्ब्रेनमधली ही प्रोटीन्स एकमेकांना पीळ घालतात आणि तो पीळ घट्ट होत गेला की मेम्ब्रेन इतकी जवळ ओढली जातात की मिसळतात. इथे क्नोलेच्या जोडीला याच कुटुंबातलं स्नॅप३३ आणि व्हॅम्प७२१ किंवा ७२२ असतं, शिवाय एनपीएसएन११ आणि एसवायपी७१ घेऊन बनणारा दुसरा संचही आहे, आणि कॉइले नावाचं आणखी एक प्रोटीन क्नोलेला उघड्या, म्हणजे पीळ घालायला तयार स्थितीत धरून ठेवतं. यातलं काहीही डाय सांगत नाही. म्हणून माझं म्हणणं, फ्यूजनवर काम असेल तर नुसता डाय मागवून थांबू नका, जीएफपी-क्नोलेचं (ज्यात क्नोलेला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन जोडलेलं असतं) बीसुद्धा मिळवा आणि दोन्ही एकत्र बघा. क्नोले फक्त विभाजनाच्या सुमारास बनतं आणि काम झालं की व्हॅक्युओलमध्ये (रिक्तिकेत) पाठवून नष्ट केलं जातं, त्यामुळे नवी भिंत पूर्ण झाली की हिरवी रेघ हळूहळू विझते आणि लाल तशीच राहते. नवी भिंत कुठली आणि जुनी कुठली हे तेव्हाच कळतं, नुसत्या लालवरून नाही.

अजून एक, डाय बाहेरून आत येऊन प्लेटमध्ये पोचतो म्हणून प्लेट बाहेरच्याच मेम्ब्रेनपासून बनते असं धरून चालू नका. याच्यावर खरा वाद झालाय, २००६ मध्ये एका गटाने आत ओढलेला माल प्लेट बनवतो असं मांडलं आणि २००७ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की प्लेटला नव्याने बनून येणारा माल लागतो, आत ओढणं नसलं तरी चालतं. मला दुसरी बाजू जास्त पटते. डाय तिथे पोचतो एवढंच तो सांगतो.

तक्रारी पण आहेत. हिरव्या भागावर क्लोरोफिलचा लाल प्रकाश याच्यात मिसळतो, म्हणून मूळच बरं. पेशी रसायनाने आहे तशा पक्क्या करून (फिक्स करून) मग एखादं प्रोटीन शोधायला अँटीबॉडी लावायची असेल तर हा साधा टिकत नाही, त्यासाठी एफएम ४-६४ एफएक्स नावाचा वेगळा मिळतो, ऑर्डर देताना नाव दोनदा वाचा, मी चुकीचा मागवून एक अख्खा प्रयोग घालवलाय. प्रकाशाने खराब होतो, आणि एका पुरवठादाराने कुपी साध्या पारदर्शक पिशवीत पाठवली होती, तिच्यातून फिकट गुलाबी धूसर चित्रंच आली, बदलून मागितली तर दोन आठवडे उत्तरच नाही. तेव्हापासून कुपी आली की लगेच स्टॉक करते, छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटते, फॉइल गुंडाळून उणे २० ला ठेवते, आणि एक ट्यूब एकदाच वापरते.