जुन्या वास्तूंचं काम करायचंय: पुरातत्त्व घ्यावं की आर्किटेक्चर?

बेळगाव भागातलं हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर किंवा देगावचं कमलनारायण मंदिर पाहून 'हेच काम करावं' असं वाटणाऱ्या आपल्याकडच्या मुलांपुढे मुख्यतः या दोन वाटा असतात.

पुरातत्त्वाला कुठल्याही शाखेची पदवी चालते. पुढे २ वर्षांचं एम.ए., पुण्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा जवळ धारवाडला. इथे बेळगाव-खानापूरच्या मुलांची मोठी जमेची बाजू म्हणजे कन्नड. या भागातले कदंब आणि रट्ट या राजघराण्यांचे बरेचसे शिलालेख जुन्या कन्नडमध्ये आहेत. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्याला ते शिकणं पुण्यातल्या मुलापेक्षा नक्कीच सोपं. पण या वाटेनं तुम्ही वास्तूचा काळ, कर्ता, मागाहूनचे बदल सांगाल. ढासळती भिंत कशी सावरायची ते ठरवणारा बहुधा दुसराच असेल. सरकारी जागाही मोजक्याच निघतात.

आर्किटेक्चर लांबचं आणि महागडं. बारावीला गणित हवं, नाटा ही प्रवेश परीक्षा, ५ वर्षांचं बी.आर्क., मग संवर्धनातलं २ वर्षांचं एम.आर्क., त्यासाठी दिल्ली, भोपाळ नाहीतर अहमदाबाद. पहिली ५ वर्षं बहुतेक नव्या इमारतींचंच शिकवतात, हे आधीच माहीत असू द्या.

तरी मी हीच वाट सुचवेन, कारण आपल्याकडे खरी गरज दुरुस्तीची आहे. चुन्यातली भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. खानापूर तालुक्यातल्या पावसात तर जास्तच. गावोगावी जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव खांबांना ऑइल पेंट फासलेला दिसतो तेव्हा जीव तुटतो. हे करणारे गावकरी श्रद्धेनंच करतात. त्यांच्यासोबत देवळात बसून, त्यांच्या भाषेत चुन्याचं महत्त्व पटवून देणारा माणूस गावाला हवा आहे.

ऐपत नसेल तर दहावीनंतर सिव्हिल डिप्लोमा ३ वर्षांत होतो. पुरातत्त्व खात्याच्या ठेकेदारांकडे साइटवर अशी मुलं लागतात. बढती हळू मिळते, पण हात लवकर तयार होतो.

कुठलाही फॉर्म भरण्याआधी सुट्टीत एखाद्या जुन्या वाड्याच्या दुरुस्तीवर, चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याच्या हाताखाली राबून पाहा. चुना भिजवायचा, मुरवायचा, मळायचा, दगडांमधल्या दरजा भरायच्या, प्रत्येक दगड मोजून कागदावर उतरवायचा. हे कंटाळवाणं वाटलं तर पुरातत्त्वाकडे वळा.