काय ऐकावं ते विचारायचं असेल तर म्हापशाचं हे दुकान

म्हापशाच्या बाजाराजवळचं हे जुन्या रेकॉर्डी-कॅसेटींचं दुकान मला मनापासून आवडतं. इथले काका आधी विचारतात, "बाय, सध्या काय ऐकतेस? त्यात आवाज आवडतो की ठेका?" मी शास्त्रीय गायिका किशोरीताई आमोणकरांचं नाव घेतलं, तर काकांनी आधी किशोरीताईंच्या आईंची, मोगूबाई कुर्डीकरांची तबकडी लावली. मग केसरबाई केरकरांची भैरवी, १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली तीच! जेमतेम साडेतीन मिनिटं, पण आमच्या फोंड्याकडच्या केरीच्या या बाईंचा भरदार आवाज खरखरीतूनसुद्धा अंगावर येतो.

ठेकाही आवडतो म्हटल्यावर कोंकणी गायिका लॉर्ना आणि ट्रंपेटवादक ख्रिस पेरी. तिथून ट्रंपेटचा माग काढत थेट अमेरिकेतला जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग! असा रस्ता मोबाइलवरच्या याद्यांनी मला कधी दाखवला नाही.

आपणही काही सुचवलं की काका मनापासून ऐकतात. मी संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांची नाट्यगीतं सांगितली, तर कुठल्या नाटकातली, कोणी गायलेली, सगळं खोदून विचारलं.

तबकड्या महाग आहेत, कॅसेटी परवडतात. घेण्याआधी वाजवून मागा, ते कधी नाही म्हणत नाहीत. बाजाराच्या दिवशी, शुक्रवारी, मात्र त्यांना बोलायला फुरसत नसते.