एमएम ५४० मध्ये थारचं सीआरडीई इंजिन: घ्या, पण एकटं घेऊ नका

महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपमधलं मूळचं प्यूजो डिझेल इंजिन २,११२ सीसीचं. ताकद ६२ बीएचपी, टॉर्क १२१ एनएम. २०१० साली आलेल्या थार सीआरडीईचं (म्हणजे कॉम्प्युटरने चालणारं कॉमन रेल डिझेल) २,४९८ सीसी इंजिन १०५ बीएचपी देतं आणि १,८०० ते २,००० आरपीएमलाच २४७ एनएम. टॉर्क दुपटीहून जास्त, तोही खालच्या आरपीएमला. घाटात सारखे गिअर पाडायला नको असतील, तर यापेक्षा सोयीचं इंजिन या जीपसाठी सापडणं कठीण.

पण हा दुप्पट टॉर्क पुढे जातो जुन्या चार गिअरच्या बॉक्समधून. नवं इंजिन जोडणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट बनवून जुनाच बॉक्स ठेवला की आधी क्लच घसरतो, मग बेअरिंग ओरडू लागतात आणि शेवटी दात जातात. त्यामुळे अपघातात गेलेली आख्खी थार मिळत असेल तरच व्यवहार करावा. इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), मागचा एक्सल, पॅडल, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि न कापलेलं वायरिंग हार्नेस एकाच गाडीचं हवं. थार सीआरडीईला पुढे पाट्यांवरचा एक्सल नसतो, टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन असतं. त्यामुळे पुढे जीपचाच एक्सल ठेवा, पण त्याचा रेशो मागच्याएवढाच करून घ्या आणि डिस्क ब्रेक लावा, या वेगाला ते लागतातच. जुन्या डाना १८ ट्रान्स्फर केसचा मागचा प्रोपेलर शाफ्ट उजवीकडे सरकलेला असतो. नवी केस आणि जुना मागचा एक्सल अशी जोडी जमवली तर शाफ्ट तिरका बसतो आणि त्याच्या टोकांचे सांधे, म्हणजे यूजे क्रॉस, टिकत नाहीत.

क्राउन-पिनियनचं (एक्सलमधल्या शेवटच्या गिअर जोडीचं) गणितही आधीच करा. ६.००-१६ टायर आणि ५.३८ चा रेशो असेल तर डायरेक्ट गिअरमध्ये ताशी ८० ला इंजिन सुमारे ३,१५० आरपीएमवर फिरतं. ३.७३ ला तेच २,२०० वर येतं. जुना रेशो ठेवला तर पहिला गिअर नावापुरता उरतो आणि हायवेवर नुसता आवाज.

इंजिन बसवताना संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि पुढचा डिफरेन्शियल यांच्यातली जागा गाडी उभी असताना मोजून उपयोग नाही. पाटे काढा, एक्सल जॅकने बम्प स्टॉपपर्यंत वर घ्या आणि मग बघा. माउंटिंगला ६ मिमी प्लेट आणि थारचेच रबर वापरा. इंजिन चेसिसला घट्ट आवळलं की सगळी बॉडी थरथरते. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर आणि ईसीयूचा सॉकेट काढायचाच. इथे आळस केला तर ईसीयू जळू शकतो.

वायरिंग हा खरा त्रास. चावी, इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) आणि ईसीयू एकमेकांशी जुळलेले असतात, म्हणून चावीसुद्धा त्याच गाडीची मागून घ्या. इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॅटरी अशी जाड अर्थ वायर टाका. गाडी अधूनमधून बंद पडते, स्कॅनरवर रोज वेगळाच कोड येतो, अशा तक्रारींचं मूळ बऱ्याचदा अर्थमध्येच असतं.

कॉमन रेलला गंज चालत नाही. जुनी टाकी आतून लाल झाली असेल तर धुवत बसू नका, बदला. पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि रिटर्न लाइन थारचीच घ्या. इंजेक्टर गेले तर वाचवलेले पैसे दामदुपटीने जातात.

जीपची जाळी अरुंद, त्यात समोर इंटरकूलर आला की रेडिएटरचा वारा कमी होतो. फॅनभोवती श्राउड (वारा रेडिएटरमधूनच ओढणारं आवरण) हवाच, आणि पाती निम्मी आत, निम्मी बाहेर अशी बसवा.

ज्यांना लॅपटॉपवाला मेकॅनिक जवळपास मिळत नाही त्यांनी मेकॅनिकल पंपाचं २,५२३ सीसी डीआय टर्बो बघावं. ताकद ६३ बीएचपीच, पण गावातल्या गॅरेजात दुरुस्त होतं. २०२० नंतरच्या थारचं बीएस ६ इंजिन मात्र टाळा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि त्याच्या सेन्सरांचा पसारा या चेसिसमध्ये मावत नाही.

आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्यायची. २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे बदल अडतात, त्यामुळे लेखी होकार मिळेपर्यंत इंजिनासाठी इसारही देऊ नका. विक्रीचं बिल आणि अपघाती गाडीची कागदपत्रं जपून ठेवा. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून पाहतात, आणि विम्याचा दावा आला की सर्व्हेअरही तेच करतो.